खनिजांच्या गोळ्या आणि जीवनसत्त्वे : साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात औषधविक्रीच्या काउंटरमागे उभे राहून माझी बरीच वर्षे गेली आणि आता त्याच काउंटरवरचे प्रश्न मोबाइलवर येतात. त्यांतील जे पुनःपुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. येथे ‘निरोगी’ म्हणजे स्वतःच्या पायांनी हिंडणारी, रक्तदाब किंवा साखर असली तरी आटोक्यात असलेली आणि मूत्रपिंड, यकृत वा हृदयाचा मोठा आजार नसलेली व्यक्ती. ज्यांना तसा आजार आहे, त्यांनी पुढील कोणतेही प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःला लागू करू नये.

१. खनिज आणि जीवनसत्त्व यांत नेमका फरक काय? दुकानात तर दोन्ही एकाच गोळीत मिळतात.

खनिजे म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, जस्त (झिंक), सेलेनियम यांसारखी मूलद्रव्ये. ती मातीतून पिकात आणि पिकातून आपल्यात येतात. शिजवल्याने ती नष्ट होत नाहीत, फार तर पाण्यात उतरतात. जीवनसत्त्वे ही सजीवांनी तयार केलेली संयुगे असल्यामुळे त्यांतील काही उष्णतेने, उजेडाने किंवा साठवणुकीने कमी होतात. एका गोळीत दोन्ही घालणे उत्पादकाच्या सोयीचे असते, परंतु शरीरात त्यांचे मार्ग वेगळे आहेत आणि ते कोठे एकमेकांना छेदतात, हे प्रश्न ८ मध्ये पाहू.

२. वय ६८, तब्येत ठणठणीत, दोन वेळा भाकरी-भाजी व्यवस्थित जाते. तरीही काही घ्यायलाच हवे का?

‘घ्यायलाच हवे’ असे सरसकट काहीही नाही. वयानुसार भूक कमी होते, परंतु खनिजांची गरज त्या प्रमाणात कमी होत नाही, एवढाच मूळ पेच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांना दिवसाला १,००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांना १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, तर साठीनंतर ‘ड’ जीवनसत्त्वाची गरज ८०० आंतरराष्ट्रीय एकक, म्हणजे पाकिटावरील आय. यू., इतकी धरली जाते. माझे मत विचाराल तर, आपल्याकडील निरोगी वृद्धांमध्ये खरोखर तपासण्याजोग्या दोनच गोष्टी आहेत : ‘ड’ आणि बी-१२. बाकीच्या बहुतेक गोष्टींची तजवीज ताटात होऊ शकते, आणि जिथे होत नाही तिथे आधी ताट पाहावे, मग स्ट्रिप.

३. सोलापूरच्या उन्हात माणूस करपतो. तरी माझ्या आईचे ‘ड’ कमी कसे निघाले?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्यामागचे आश्चर्य अगदी रास्त आहे. ‘ड’ जीवनसत्त्व उन्हाच्या उष्णतेने तयार होत नाही. ते सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांच्या एका विशिष्ट पट्ट्यामुळे, उघड्या त्वचेत तयार होते. हे किरण सूर्य वर आल्यावरच पुरेशा प्रमाणात पोहोचतात. त्याची सोपी खूण अशी की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असली पाहिजे. सकाळी साडेसहाला सिद्धेश्वर तलावाच्या काठाने फेरफटका मारणाऱ्यांची सावली लांबच लांब असते. त्या फिरण्याने हृदयाला आणि सांध्यांना फायदा होतो, पण ‘ड’ फारसे मिळत नाही. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन तर या कामी जवळजवळ निरुपयोगी असते, कारण काच नेमके हेच किरण अडवते.

शिवाय ज्यांचे आयुष्य घरात बसून विड्या वळण्यात किंवा मागाच्या शेडमध्ये गेले, त्यांच्या अंगावर दुपारचे ऊन कधी पडलेच नाही. नऊवारी, डोक्यावरचा पदर, पूर्ण बाह्यांचा सदरा यांतून उघडी राहते ती चेहऱ्याची आणि हातांची थोडीशी त्वचा. त्वचेचा सावळा रंग किरण शोषून घेतो आणि वय वाढते तसा त्वचेतील कच्चा मालही कमी होतो, त्यामुळे सत्तरीतील त्वचा तेवढ्याच उन्हात तरुण त्वचेपेक्षा बरेच कमी ‘ड’ बनवते.

म्हणून उपाय काय? हिवाळ्यात सकाळी दहा-अकराच्या सुमारास हात-पाय उघडे ठेवून वीस-पंचवीस मिनिटे गच्चीवर बसणे सुखाचेही आहे. एप्रिल-मे महिन्यांत मात्र पारा चाळीस ओलांडत असताना वृद्धांना त्या वेळेस उन्हात बसवणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे आहे. त्या काळात ‘ड’साठी ऊन हा मार्ग सोडून द्यावा, कमी पडत असेल तर गोळी बरी.

४. डॉक्टरांनी साठ हजारांची पुडी दिली होती. ती किती दिवस चालू ठेवायची?

‘ड’ जीवनसत्त्वाची साठ हजार एककांची पुडी किंवा कॅप्सूल ही उणीव भरून काढण्याची मात्रा आहे. सर्वसाधारण पद्धत आठवड्यातून एक, अशी सुमारे आठ आठवडे आणि त्यानंतर महिन्यातून एक किंवा रोजची लहान मात्रा, अशी असते. चिठ्ठीवर जे लिहिले असेल तेच पाळावे. काउंटरवर मी पाहिलेली सर्वांत घातक चूक म्हणजे ‘आठवड्याची’ पुडी ‘रोजची’ समजून दुधातून घेणे. ‘ड’ चरबीत साठते, लघवीवाटे सहज निघून जात नाही. अतिरेक झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते आणि मळमळ, बद्धकोष्ठता, वारंवार लघवी, गळून जाणे, गोंधळल्यासारखे वाटणे अशी लक्षणे दिसतात, जी घरचे लोक ‘वयामुळे’ म्हणून सोडून देतात. पुडी घेण्याचा वार ठरवून कॅलेंडरवर खूण करावी. आमच्याकडे अनेक घरांनी सोमवार धरला आहे, ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या दर्शनाचा वार असल्याने तो विसरत नाही.

एकदाच भरपूर घेऊन वर्षभराची चिंता मिटवावी, हा विचारही नको. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख एकके देऊन पाहिली गेली आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पडण्याचे व अस्थिभंगाचे प्रमाण घटण्याऐवजी वाढलेले आढळले.

५. अहवालात ‘ड’ २२ आले आणि पुढे लाल अक्षरात ‘कमी’ असे छापले आहे. घाबरावे का?

घाबरण्याचे कारण नाही. अनेक प्रयोगशाळा ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही खालची मर्यादा छापतात, पण हाडांच्या दृष्टीने बहुतेक निरोगी व्यक्तींना २० पुरेसे असते, असे मानणारे तज्ज्ञ बरेच आहेत; १२ च्या खालची पातळी मात्र निर्विवाद उणीव समजली जाते. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० चा आग्रह सोडला, निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये असे सुचवले आणि पंचाहत्तरीपुढील व्यक्तींना तपासणीशिवायही माफक ‘ड’ देण्यास अनुकूलता दाखवली.

याच संदर्भात ‘व्हायटल’ या अमेरिकी चाचणीचा उल्लेख करायला हवा. पन्नाशीपुढील २५,८७१ व्यक्तींपैकी निम्म्यांना सुमारे पाच वर्षे रोज २,००० एकके ‘ड’ देण्यात आले. त्यातून कर्करोग, हृदयविकार किंवा अस्थिभंग यांचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. अर्थात त्यातील बहुतेकांच्या शरीरात ‘ड’ आधीच पुरेसे होते. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतून उपयोग नसतो, एवढेच त्यातून सिद्ध होते. रिकाम्या हंड्याबद्दल ती चाचणी काही सांगत नाही.

६. आम्ही ज्वारी खाणारे. भाकरीतून कॅल्शियम मिळत नाही का?

भाकरीचा मला अभिमान आहे, पण कॅल्शियमसाठी तिच्यावर विसंबता येणार नाही. १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम असते. मॅग्नेशियम मात्र सव्वाशेच्या पुढे असते, आणि जोडीला शेंगाचटणी असली तर त्यात आणखी भर पडते, म्हणून भाकरी-चटणी नियमित खाणाऱ्याने मॅग्नेशियमच्या गोळीवर खर्च करण्याआधी दोनदा विचार करावा.

कॅल्शियमसाठी पेलाभर (२०० मिलिलिटर) दूध किंवा तेवढेच दही सुमारे २४० मिलिग्रॅम देते. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशेच्या आसपास असते; आठवड्यातून तीन-चार वेळा ज्वारीच्या पिठात नाचणी मिसळली तर भाकरी थोडी काळपट होते, पण मोडत नाही. शेवग्याची पाने चांगली. पालकातील कॅल्शियम मात्र ऑक्झलेट या वनस्पतीतील घटकाने बांधलेले असल्याने फारसे अंगी लागत नाही. संक्रांतीला, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तिळाचे कौतुक सुरू होते. तिळात कॅल्शियम हजार मिलिग्रॅमच्या पुढे असते हे खरे, पण ते मुख्यतः सालीत आणि ऑक्झलेटच्या रूपात असल्यामुळे कागदावरचा आकडा आणि शरीराला मिळणारा वाटा यांत अंतर राहते.

७. कॅल्शियमच्या स्ट्रिपवर १,२५० लिहिले आहे आणि कंसात ५००. नक्की किती मिळते? आणि ती केव्हा घ्यावी?

१,२५० हे कॅल्शियम कार्बोनेटचे वजन आहे आणि त्यात ४० टक्के, म्हणजे ५०० मिलिग्रॅम प्रत्यक्ष कॅल्शियम असते. हिशेब नेहमी या दुसऱ्या आकड्याने करावा. कॅल्शियम सायट्रेटमध्ये हे प्रमाण साधारण २१ टक्के असल्याने तेवढ्याच कॅल्शियमसाठी गोळ्या अधिक लागतात. कार्बोनेटला पोटातील आम्ल लागते, म्हणून ते जेवणाबरोबर घ्यावे. जे आम्लपित्तासाठी रोज पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेतात, त्यांना सायट्रेट अधिक सोयीचे, कारण ते रिकाम्या पोटीही शोषले जाते. एका वेळी ५०० मिलिग्रॅमहून जास्त घेतल्यास शोषणाचे प्रमाण घसरते. दोन गोळ्या लागत असतील तर एक सकाळच्या आणि एक रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यावी.

गोळी किती घ्यायची, हे ताटातून किती मिळते ते वजा करून ठरते. दूध-दही-नाचणीतून सातशे मिळत असतील, तर हजाराची गोळी कशासाठी? पन्नाशीनंतर सर्व मिळून २,००० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानली जाते.

८. नुसती खनिजांची गोळी घेतली तर जीवनसत्त्वांची पातळी आपोआप सुधारते, असे ऐकले. खरे आहे का?

अर्धे खरे आहे, आणि हे अर्धेच जाहिरातीत येते. खनिजे आणि जीवनसत्त्वे यांची साखळी खरोखर अस्तित्वात आहे. ‘ड’ जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देणारी यकृतातील आणि मूत्रपिंडातील विकरे (एन्झाइम) मॅग्नेशियमवर अवलंबून असतात. यकृतात साठलेले ‘अ’ जीवनसत्त्व रक्तात वाहून नेणारे प्रथिन तयार होण्यास जस्त लागते. बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाताना कॅल्शियमची उपस्थिती आवश्यक असते. सेलेनियमयुक्त विकरे आणि ‘ई’ जीवनसत्त्व एकमेकांचा भार हलका करतात. उलट दिशेने ‘क’ जीवनसत्त्व वनस्पतीजन्य लोहाचे शोषण वाढवते, म्हणून उसळीवर लिंबू पिळण्याची आपली सवय शास्त्रशुद्ध आहे.

परंतु या साखळीचा अर्थ एवढाच की खनिजाची उणीव असेल तर संबंधित जीवनसत्त्वाचे काम अडते. ती उणीव भरली की अडथळा दूर होतो. ज्याच्या शरीरात मॅग्नेशियम पुरेसे आहे, त्याला आणखी मॅग्नेशियम देऊन ‘ड’ वाढत नाही. आणि ज्याच्या आहारात बी-१२ नाहीच, त्याला कॅल्शियमने ते कोठून मिळणार? फ्रान्समध्ये वृद्धाश्रमासारख्या संस्थांत राहणाऱ्या ७२५ वृद्धांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना जस्त व सेलेनियम, काहींना जीवनसत्त्वे, काहींना दोन्ही देण्यात आली. जे दिले त्याच घटकाची उणीव सहा महिन्यांत भरून निघाली. ते वृद्ध तुमच्याइतके धडधाकट नव्हते, हेही लक्षात ठेवावे.

साखळी उलटीही ओढली जाते. महिनोन्‌महिने ५० मिलिग्रॅम जस्त घेत राहिल्यास तांब्याचे शोषण अडते आणि त्यातून रक्तक्षय, हातापायांना मुंग्या, तोल जाणे अशी लक्षणे येतात. ती हुबेहूब बी-१२ च्या उणिवेसारखी दिसतात, आणि मग माणूस बी-१२ ची इंजेक्शने घेत राहतो. जस्ताची रोजची वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम आहे.

९. आम्ही माळकरी, शुद्ध शाकाहारी. बी-१२ साठी काय करावे?

बी-१२ वनस्पतींमध्ये नसते. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळते. रोजची गरज केवळ दोन-अडीच मायक्रोग्रॅम असली तरी वयोमानाने जठराचे आम्ल घटते आणि अन्नातील प्रथिनांना चिकटलेले बी-१२ सुटे होत नाही, म्हणून दूध पिणाऱ्यांतही उणीव निघते. गोळीतील बी-१२ आधीच सुटे असल्यामुळे ते या अडचणीतून वाचते. मोठ्या मात्रेच्या (१,००० मायक्रोग्रॅम) गोळीतून सुमारे एक टक्का तरी थेट झिरपतो आणि तेवढा पुरतो. त्यामुळे निरोगी व्यक्तीला प्रत्येक वेळी इंजेक्शनच लागते असे नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा दीर्घकाळ आम्लपित्ताच्या गोळ्या घेणाऱ्यांनी बी-१२ अधूनमधून तपासावे. तपासणी गोळ्या-इंजेक्शने सुरू करण्याआधी करावी, कारण नंतरचा आकडा रक्तात नुकतेच ओतलेले बी-१२ दाखवतो, शरीराची खरी शिल्लक नव्हे.

केवळ फॉलिक आम्लाच्या (हेही ‘बी’ गटातील जीवनसत्त्व) मोठ्या मात्रेने रक्ताचा अहवाल सुधारतो, परंतु बी-१२ अभावी मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहू शकते. बी-१२ पाहिल्याशिवाय फॉलिक आम्ल सुरू करू नये.

१०. वडिलांचे हिमोग्लोबिन १०.८ आले. लोहाची गोळी आणून देऊ का?

आधी डॉक्टरांकडे न्या. पुरुषांत १३ च्या खाली आणि स्त्रियांत १२ च्या खाली रक्तक्षय समजतात. मासिक पाळी नसलेल्या वयात लोह कमी झाले असेल तर ते कोठून तरी गळते आहे का, हे पाहणे भाग असते : मूळव्याध, जठरातील व्रण, वेदनाशामक गोळ्यांमुळे झालेला रक्तस्राव, आणि कधी आतड्याचा कर्करोग. लोहाच्या गोळीने आकडा वर येतो आणि मूळ कारण झाकले जाते. शिवाय कारण लोह नसून बी-१२ असू शकते (प्रश्न ९). उणीव सिद्ध झाली आणि गोळी सुरू झाली, तर जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलावा. सोलापूरकराला हे जड जाते, याची मला कल्पना आहे.

११. मुतखडा होऊन गेला आहे. कॅल्शियम पूर्ण बंद करावे का?

दूध-दही बंद करू नये. आहारातील कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला बांधून बाहेर नेते आणि त्यामुळे खड्याचा धोका कमीच होतो. गोळीची गोष्ट वेगळी : अमेरिकेत ३६,२८२ स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीत कॅल्शियम आणि ‘ड’च्या गोळ्या घेणाऱ्या गटात मुतखड्याचे प्रमाण १७ टक्के अधिक आढळले. गोळी अपरिहार्य असेल तर ती जेवणाबरोबरच घ्यावी आणि पाणी भरपूर प्यावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही दुसरी गोष्ट पहिल्याइतकीच महत्त्वाची आहे. बोअरच्या जड पाण्यावर सगळा दोष ढकलला जातो, पण कमी पाणी पिणे हे त्याहून मोठे कारण असते.

१२. थायरॉइडची, रक्तदाबाची आणि कॅल्शियमची गोळी सकाळी एकदमच घेतली तर चालेल का?

नाही. थायरॉक्सिन आणि कॅल्शियम किंवा लोह यांच्यात किमान चार तासांचे अंतर हवे. नाहीतर थायरॉइडची गोळी वाया जाते आणि डॉक्टर मात्रा वाढवत राहतात. हाडांसाठी आठवड्याची ॲलेंड्रोनेटची गोळी असेल तर ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, अर्धा तास आडवे होऊ नये आणि कॅल्शियम त्यानंतरच घ्यावे. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके चालू असताना खनिजांची गोळी तेवढे दिवस थांबवणे सर्वांत सोपे. रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोनसारखे औषध घेणाऱ्यांच्या शरीरात कॅल्शियम अडून राहते, म्हणून त्यांनी कॅल्शियम आणि ‘ड’ दोन्ही स्वतःहून सुरू करू नयेत.

१३. रक्तदाबासाठी ‘कमी सोडियम’ मीठ आणले. ते खनिजांच्या पूरकात मोजायचे का?

मोजायलाच हवे. त्यात सोडियमच्या काही भागाच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असते. मूत्रपिंडे धड असतील तर बहुधा अडचण येत नाही, परंतु रक्तदाब-हृदयाच्या औषधांतील टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल तर पोटॅशियम साठून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. हे मीठ घरी आले आहे, हे डॉक्टरांना सांगण्याचे कोणाच्याही लक्षात येत नाही.

१४. केस आणि नखांसाठी बायोटिनची गोळी घेते. थायरॉइडचा अहवाल अचानक बिघडलेला आला. संबंध असेल का?

असू शकतो. अनेक प्रयोगशाळांच्या चाचणीपद्धतीत बायोटिनचाच वापर होतो, त्यामुळे रक्तातील जादा बायोटिनने थायरॉइडचे आकडे खोटे येतात. हृदयविकाराच्या ट्रोपोनिन चाचणीतही असाच घोटाळा होऊ शकतो. गोळी दोन-तीन दिवस बंद ठेवून, प्रयोगशाळेला सांगून, तपासणी पुन्हा करावी आणि तोवर थायरॉइडची मात्रा बदलू नये.

१५. मुलाने अमेरिकेहून मोठी बाटली पाठवली आहे. इथली स्ट्रिप बंद करून ती घेऊ का?

आधी एकके जुळवा. तिकडील बाटलीवर ‘ड’ मायक्रोग्रॅममध्ये लिहिलेले असते आणि एक मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आय. यू.; १२५ मायक्रोग्रॅम वाचून कमी वाटते, पण ती ५,००० एकके होतात, तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोजची वरची मर्यादा ४,००० आहे. एका ‘सर्व्हिंग’मध्ये दोन किंवा तीन गोळ्या धरलेल्या असतात, तेही पाहावे. धूम्रपान करणाऱ्याने किंवा पूर्वी भरपूर केलेल्याने बीटा-कॅरोटिन (‘अ’ जीवनसत्त्वाचे पूर्वरूप) असलेली बाटली बाजूला ठेवावी. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, बीटा-कॅरोटिनने फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला. रक्त पातळ करण्यासाठी ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन घेणाऱ्याने ‘के’ जीवनसत्त्वाची ओळ शोधावी आणि सापडल्यास बाटली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नये. जुनी स्ट्रिप आणि नवी बाटली दोन्ही एकदम चालू ठेवणे, हा मात्र सर्वांत वारंवार दिसणारा प्रकार आहे, कारण मुलाने पाठवलेले वाया घालवणे जिवावर येते आणि डॉक्टरांनी लिहिलेले बंद करण्याचे धाडस होत नाही.